हप्ता तोच ठेवा, मुदत तोडा: गृहकर्ज लवकर फेडण्याचं गणित आणि सोबत्यांचा उपयोग

फेब्रुवारी २०२५ ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. रेपो दर म्हणजे बँका रिझर्व्ह बँकेकडून अल्पकाळासाठी पैसे उचलतात तेव्हा त्यांना पडणारा दर. बँकांची बरीच गृहकर्जं आता याच दराला बांधलेली आहेत, त्यामुळे घरोघरी मेसेज आले: ‘आपल्या कर्जाचा व्याजदर सुधारित करण्यात आला आहे.’ कुणाचा हप्ता कमी झाला, कुणाची मुदत कमी झाली, आणि बऱ्याच जणांना आपलं नेमकं काय झालं तेच कळलं नाही. मेसेज वाचून फोन खिशात गेला.

हा मेसेज पैशात किती मोलाचा आहे ते समजून घ्यायचं तर आधी हप्त्याच्या पोटात काय असतं ते बघावं लागेल.

व्याज म्हणजे पैशाचं भाडं

लग्नासाठी मांडववाल्याकडून चारशे खुर्च्या आणल्या आणि भाडं रोजाचं ठरलं. दुसऱ्या दिवशी शंभर खुर्च्या परत पाठवल्या, तर तिसऱ्या दिवशीचं भाडं तीनशे खुर्च्यांचंच लागतं. कर्जाचंही तसंच. जेवढी मुद्दल शिल्लक, तेवढ्याच मुद्दलावर पुढच्या महिन्याचं व्याज. फरक इतकाच, की बँक तुमच्या हप्त्यातून आधी भाडं कापून घेते आणि उरलेल्या पैशात बसतील तेवढ्याच खुर्च्या परत घेते. सुरुवातीला खुर्च्या खूप असतात, म्हणून भाडंच बहुतेक हप्ता खाऊन टाकतं.

आकडे घेऊ. कर्ज ४० लाख, दर साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते ६,३८० रुपयांची. पहिल्या अख्ख्या वर्षात तुम्ही ४ लाख १६ हजार भरता आणि कर्ज कमी होतं ७९,६०० रुपयांनी. दहा वर्षं झाली, निम्मी मुदत सरली, तरी २८ लाख बाकी असतात. कर्ज अर्ध्यावर यायला जवळजवळ चौदा वर्षं लागतात. वीस वर्षांत एकूण व्याज जातं ४३ लाख ३१ हजार, म्हणजे घेतलेल्या कर्जापेक्षाही जास्त.

यात बँकेची काही लबाडी नाही. शिल्लक मुद्दलावर व्याज हा साधा नियम आहे. पण ज्या नियमाने हे व्याज चढतं, त्याच नियमाने ते उतरवताही येतं.

तक्त्यातली एक ओळ खोडून बघा

कर्ज घेताना बँक हप्त्यांचा तक्ता देते. बरेच जण तो फाइलला लावतात आणि विसरतात. तो काढा. प्रत्येक ओळीत हप्त्याचा क्रमांक, व्याज, मुद्दल आणि शिल्लक असते. आपल्या उदाहरणात दुसऱ्या ओळीत व्याज २८,२८८ आणि मुद्दल ६,४२५ आहे.

आता समजा पहिल्या हप्त्यासोबतच तुम्ही हे ६,४२५ रुपये मुद्दलात वेगळे भरले. शिल्लक थेट दुसऱ्या ओळीच्या शेवटी जी असायला हवी होती तिथे येते. म्हणजे दुसरी ओळ खोडली गेली. पुढच्या महिन्यात तुम्ही तिसऱ्या ओळीचा हप्ता भरता, आणि त्या खोडलेल्या ओळीतलं २८,२८८ रुपयांचं व्याज तुम्हाला कधीच द्यावं लागत नाही. साडेसहा हजारांत अठ्ठावीस हजारांची ओळ गेली.

हाच खेळ दोनशेव्या ओळीवर करा. तिथे मुद्दल जवळपास २६,००० आणि व्याज ८,७०० आहे. ओळ खोडायला २६ हजार मोजायचे आणि वाचणार पावणेनऊ हजारही नाहीत.

‘लवकर भरा, लवकर भरा’ असं सगळे का सांगतात ते या दोन ओळींवरून कळतं. एका बाबतीत मात्र लोकांची गफलत होते. दोन्ही ठिकाणी तुमच्या पैशाला मिळणारा परतावा सारखाच आहे, वर्षाला साडेआठ टक्के. सुरुवातीला भरलेला रुपया जास्त वर्षं काम करतो, म्हणून जास्त वाचवतो. त्यामुळे कर्जाची दहा-बारा वर्षं उलटून गेली असतील तर ‘आता काय उपयोग’ असं म्हणायचं कारण नाही. आणि नुकतंच कर्ज घेतलं असेल तर घाबरून घरातला शेवटचा रुपया बँकेत नेऊन ओतायचंही कारण नाही.

हप्ता कमी की मुदत कमी?

मुदतीआधी जास्तीची रक्कम भरण्याला बँकेत ‘प्रीपेमेंट’ किंवा ‘पार्ट पेमेंट’ म्हणतात. ती भरताना अॅपवर किंवा अर्जावर एक छोटासा प्रश्न येतो: हप्ता कमी करायचा की मुदत? या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर हा प्रश्न लक्षात ठेवा.

वरच्याच कर्जात पहिल्या वर्षाच्या शेवटी एक लाख रुपये भरले असं धरा. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केला, तर हप्ता ८८५ रुपयांनी उतरतो आणि शेवटपर्यंत सुमारे १ लाख २ हजार रुपये व्याज वाचतं. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केली, तर जवळजवळ चौदा हप्ते गळतात आणि वाचलेलं व्याज होतं पावणेचार लाखांच्या आसपास. रक्कम तीच, दिवसही तोच, फक्त खूण वेगळ्या चौकोनात केली. हप्ता कमी करण्याचा पर्याय वाईट नाही. नोकरी डळमळीत असेल, घरात आजारपण असेल तर तोच घ्यावा. पण निवड करून घ्यावा, बँकेने आपोआप लावला म्हणून नको.

दर उतरल्यावरही हाच प्रश्न असतो. ४० लाखांवर साडेआठचा दर साडेसात झाला, तर वीस वर्षांचा हप्ता ३२,२२४ होतो, म्हणजे महिन्याला अडीच हजारांची सूट. हे अडीच हजार घरखर्चात कसे विरघळतात ते कळतही नाही. पण तुम्ही ३४,७१३ चाच हप्ता चालू ठेवला, तर कर्ज वीसऐवजी सतरा वर्षांत फिटतं. खिशातून एक रुपया जास्त न काढता तीन वर्षं गेली.

दर चढतो तेव्हा याच्या उलट होतं, आणि ते आपण नुकतंच अनुभवलं आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत गुपचूप वाढवली. ज्याने ७ टक्क्यांनी ४० लाख घेतले, त्याचा हप्ता ३१,०१२ रुपये होता. दर साडेनऊ झाला की नुसतं व्याजच ३१,६६७ होतं. म्हणजे हप्ता भरत राहिलात तरी कर्ज वाढतच जाणार. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की दर बदलला की हप्त्यावर आणि मुदतीवर काय परिणाम होतो ते कर्जदाराला कळवा, हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला विचारा, आणि मुदत वाढवताना हप्त्यातून व्याजही सुटत नाही अशी वेळ येऊ देऊ नका. त्या काळात तुमचं कर्ज चालू असेल तर आज शाखेत जाऊन ‘माझे किती हप्ते बाकी आहेत?’ एवढं विचाराच. उत्तर ऐकून धक्का बसलेले लोक कमी नाहीत.

जास्तीचे पैसे भरायच्या आधी आपला दरही तपासून घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांना रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधणं सक्तीचं झालं. त्याआधीचं कर्ज अजून जुन्या पद्धतीवर चालू असेल, तर थोडं शुल्क भरून ते बदलून घेता येतं. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती लागू नाही, त्या आपल्या अंतर्गत दरावर चालतात. तिथे जास्तच डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

पण बँक दंड लावेल ना?

बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर नाही लावणार. बँकांना २०१२ पासूनच ही मनाई आहे. जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने याबाबत नवे, एकत्रित निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण होणाऱ्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीने व्यवसायाशिवाय अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व भरण्याचं शुल्क नाही, पैसे कुठून आणले ही चौकशी नाही, आणि अमुक महिने आधी थांबा अशी अटही नाही. स्थिर दराच्या कर्जाला शुल्क असू शकतं, त्यासाठी मंजुरीपत्र वाचावं.

एक सावधगिरी बाळगा. नुसते जास्तीचे पैसे कर्जखात्यात टाकले की काही ठिकाणी ते ‘पुढचा हप्ता आगाऊ’ म्हणून पडून राहतात. ही रक्कम मुद्दलात जमा करा आणि मुदत कमी करा, असं लेखी कळवायचं आणि नवा तक्ता मागून घ्यायचा. तक्त्यातली शेवटची तारीख अलीकडे सरकली, तरच काम झालं असं समजायचं.

एवढं सोपं आहे, तर सगळे का करत नाहीत?

कारण हे काम कधीच आजचं नसतं. हप्ता चुकला तर बँक फोन करते. जास्तीचा हप्ता चुकला तर कुणीच फोन करत नाही. बोनस येतो तेव्हा फ्रिजही जुना झालेला असतो, भाचीचं लग्नही असतं, आणि कर्ज काय, अजून सोळा वर्षं आहेच.

बँक जो फोन करत नाही, तो करण्यासाठी सोबती लागतात. एकाच ऑफिसातले, एकाच सोसायटीतले, नाहीतर एकाच बॅचचे चार-सहा कर्जदार ठरवतात, की महिन्याच्या एका ठरावीक दिवशी प्रत्येकाने आपली शिल्लक मुद्दल सांगायची. पगार नाही सांगायचा, बचत नाही, सोनंनाणं नाही. फक्त तो एक आकडा. कुणाला आकडाही नको वाटला तर ‘मूळ कर्जाच्या इतके टक्के बाकी’ एवढं पुरतं. माझ्या ओळखीतल्या अशा एका मंडळीत बोलणं साधारण असं चालतं:

‘ताई, तुमचं या महिन्यात?’

‘या महिन्यात काही नाही हो, पोराची फी भरली.’

‘बरं. महागाई भत्त्याची थकबाकी येणार होती ना?’

‘आली की निम्मी मुद्दलात. लिहून ठेवा.’

कुणी उपदेश करत नाही. पण ‘लिहून ठेवा’ म्हटलेलं माणूस सहसा मोडत नाही, आणि चार जणांनी थकबाकीची आठवण ठेवलेली असली की ती गुपचूप खर्चही होत नाही. दुसरा फायदा माहितीचा. मुदत कमी करण्याचं बटण अॅपमध्ये कुठे दडलंय, कुठल्या शाखेत अर्ज लागतो, दर कमी करून घ्यायला काय लिहायचं, हे एकाला कळलं की सगळ्यांचं होतं. याबाबतीत बँकेच्या काउंटरपेक्षा शेजारच्या टेबलावरची माहिती चांगली असते, असं माझं तरी मत आहे.

अशा मंडळींनी एकच नियम पाळला तरी पुरतो: पगार वाढेल तसा हप्ता वाढवायचा. आपल्या उदाहरणात दरवर्षी हप्ता पाच टक्क्यांनी वाढवला, तर वीस वर्षांचं कर्ज सव्वाबारा वर्षांत संपतं. शेवटी शेवटी हप्ता साठ हजारांच्या पुढे गेलेला असतो हे खरं, पण तोवर पगारही तिथे राहिलेला नसतो. हे जड वाटत असेल तर वर्षाला एकच जास्तीचा हप्ता भरायचा, दिवाळीच्या बोनसमधून. कर्ज सव्वातीन वर्षं आधी फिटतं आणि सव्वाआठ लाखांच्या आसपास व्याज वाचतं. पहिल्यापासून महिन्याला सपाट पाच हजार जास्त भरले, तर मुदत सव्वापाच वर्षांनी कमी आणि बचत तेरा लाखांच्या घरात.

मग भिशीच का लावू नये?

हा प्रश्न येणारच. बारा जणांची पाच हजारांची भिशी. दर महिन्याला एकाला साठ हजार, ते त्याने थेट मुद्दलात टाकायचे. ऐकायला फार छान वाटतं.

गणित करून बघू. ज्याचा नंबर पहिला लागला, त्याला साठ हजार पहिल्याच महिन्यात मिळाले. स्वतः दर महिन्याला पाच-पाच हजार मुद्दलात टाकले असते त्यापेक्षा त्याचं साडेआठ टक्क्यांनी सुमारे २,३०० रुपये व्याज जास्त वाचलं. ज्याचा नंबर शेवटचा, त्याचे नेमके तेवढेच बुडाले, कारण त्याचे पैसे वर्षभर इतरांच्या कर्जात फिरत होते. मधल्यांचं थोडं इकडे, थोडं तिकडे. बारा जणांची बेरीज शून्य. भिशी नवा पैसा तयार करत नाही, एकाचं व्याज दुसऱ्याच्या खिशात सरकवते. तिचं खरं देणं म्हणजे शिस्त: पाच तारखेला पाच हजार बाजूला काढावेच लागतात.

आणि या शिस्तीसाठी तुम्ही केवढी जोखीम घेता? एक जण नंबर उचलून गायब झाला, की कुणाचे तरी हजारो रुपये गेले. वाचणार होते दोन-तीन हजार. त्यामुळे माझं मत सरळ आहे: सोबत एकत्र असावी, पैसा ज्याचा त्याच्या कर्जखात्यात जावा. तीच पाच तारीख, तेच पाच हजार, पण प्रत्येकाने आपल्या मुद्दलात भरायचे आणि पावतीचा फोटो दाखवायचा. बारावा नंबर कुणाचाच नाही.

भिशी घालायचीच असेल तर घरच्या-दारच्या माणसांत, बुडाली तर झोप उडणार नाही एवढ्या रकमेची. मोठी रक्कम असेल तर चिट फंड कायदा १९८२ खाली नोंदलेली संस्था बघावी. तिथे चालकाचं कमिशन जातं, तेही हिशेबात धरायचं.

पगारदार नोकरांच्या पतसंस्थेबद्दलही लोक विचारतात. तिथे दरमहा पगारातून ठेव कापली जाते, ही सवय चांगलीच. पण पतसंस्थेतून कर्ज काढून गृहकर्ज फेडायचं हा उलटा व्यवहार, कारण गृहकर्ज बहुधा तुमचं सगळ्यात स्वस्त कर्ज असतं. वर दोन सहकाऱ्यांना जामीनदार करून ठेवायचं. शिवाय बँकेतल्या ठेवीला असतं ते पाच लाखांपर्यंतचं विमासंरक्षण पतसंस्थेतल्या ठेवीला नाही, हे माहीत असावं.

एकमेकांच्या बचतीतून घरं उभी करायची कल्पना तशी जुनी आहे. १७७५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला रिचर्ड केटली नावाच्या खानावळवाल्याच्या जागेत अशी मंडळी जमू लागली. सगळ्यांनी वर्गणी भरायची, त्यातून सभासदांची घरं बांधायची. तिथल्या बिल्डिंग सोसायट्यांचा उगम इथला. अशा सुरुवातीच्या सोसायट्या सगळ्या सभासदांना घरं मिळाली की विसर्जित व्हायच्या. पुढे त्यांना कायदे आणि तपासणी आली, ती अनुभवानेच.

हेच पैसे एसआयपीत टाकले तर?

एसआयपी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात गुंतवणं. सगळ्यात मोठा आक्षेप हा, आणि तो बिनबुडाचा नाही. मुद्दलात भरलेल्या पैशावर तुमच्या कर्जाच्या दराइतका परतावा मिळतो. तो खात्रीचा असतो आणि त्यावर कर नसतो. त्याची तुलना मुदत ठेवीशी केली तर ठेव हरते. सात टक्क्यांच्या ठेवीवर तीस टक्के कर गेला की हातात पाचसुद्धा राहत नाहीत. शेअर बाजाराच्या फंडाशी तुलना केली तर लांबच्या काळात फंड पुढे जाऊ शकतो, पण ‘शकतो’ या शब्दाला तिथे वजन आहे. वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या फंडावर सव्वा लाखांपुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, तोही धरा.

आणखी एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारायचा: बाजार तीस टक्के पडला तर मी एसआयपी चालू ठेवीन का? ठेवाल तर दोन्हीत निम्मं-निम्मं करा, त्यात काही चूक नाही. नाही ठेवणार, तर फंडाच्या परताव्याचे कागदावर दाखवतात ते बारा टक्के तुमच्यासाठी नाहीत.

प्रॉव्हिडंट फंड मात्र मोडू नका. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं, तेही साधारण पगारदाराला करमुक्त. पावणेआठाचं कर्ज फेडायला सव्वाआठाची ठेव मोडणं म्हणजे आतबट्ट्याचा व्यवहार. उलट क्रेडिट कार्डावर महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी चढणारी बाकी असेल, तर गृहकर्जाचा विचार बाजूला ठेवून आधी ती निपटा.

कराची सवलत जाईल त्याचं काय?

तुम्ही नव्या करप्रणालीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजावर मुळात वजावटच नाही. जाण्यासारखं काही उरलेलंच नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंतचं व्याज वजा होतं. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज ३ लाख ३७ हजार आहे, म्हणजे वरच्या १ लाख ३७ हजारांवर तसंही काही मिळत नव्हतं. त्याखालच्या रकमेवरही शंभर रुपये व्याज देऊन बहुतेकांचा जास्तीत जास्त तीस-एकतीस रुपये कर वाचतो. उरलेले सत्तर बँकेचे. सवलतीसाठी कर्ज ठेवणारे लोक हे सत्तर रुपये मोजत नाहीत.

आणि पैसे अडकले तर?

हा आक्षेप मला सगळ्यात खरा वाटतो. मुद्दलात गेलेले पैसे परत काढता येत नाहीत. नोकरी गेली तर बँक ‘तुम्ही आधी जास्त भरलं होतं’ म्हणून हप्ता माफ करत नाही. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवल्याशिवाय एक रुपयाही जास्त भरू नये. आरोग्यविमा आणि कर्जाएवढा मुदतीचा आयुर्विमा आधी, ओळी खोडणं नंतर. सोबत्यांच्या गटातही हे पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं, नाहीतर दुसऱ्याचा आकडा उतरताना बघून एखादा आपली गंगाजळी मोडून बसतो.

मधला मार्ग ओव्हरड्राफ्ट पद्धतीच्या गृहकर्जाचा. जास्तीचे पैसे त्या खात्यात ठेवायचे, तेवढ्या मुद्दलावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली तर काढताही येतात. दर किंचित जास्त असतो. ज्यांची मिळकत एकसारखी नाही, म्हणजे डॉक्टर, दुकानदार, कमिशनवर काम करणारे, त्यांना हे जमतं. ज्यांच्या खात्यात पैसे दिसले की खर्च होतात, त्यांना नाही.

परदेशातल्या भावंडांचा सल्ला मात्र जपून घ्या. अमेरिकेत तीस वर्षांचा दर कर्ज घेतानाच पक्का होतो. ज्याने २०२१ च्या सुमारास तीन टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं, त्याला ते फेडायची घाई नसणार हे उघड आहे. ब्रिटनमध्ये दोन किंवा पाच वर्षांच्या स्थिर दराच्या काळात बहुधा वर्षाला शिल्लक कर्जाच्या दहा टक्क्यांपर्यंतच जास्त भरता येतं, त्यापुढे शुल्क लागतं. त्यांचं त्यांच्या ठिकाणी बरोबर आहे. आपल्याकडे दर बदलता असतो आणि शुल्क नसतं.

शेवटचा हप्ता भरल्यावर

कर्ज फिटलं म्हणजे काम संपलं असं नाही. पूर्ण परतफेडीनंतर तीस दिवसांत घराची मूळ कागदपत्रं परत देणं आणि नोंदवलेला बोजा उतरवणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासूनचा हा नियम आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कागद कर्ज असलेल्या शाखेतून घ्यायचे की दुसऱ्या कार्यालयातून, हेही तुम्ही निवडू शकता. कागद गहाळ झाले असतील तर दुय्यम प्रती मिळवायला बँकेने मदत करायची आणि खर्चही तिनेच सोसायचा, त्यासाठी तिला आणखी तीस दिवस मिळतात.

कर्ज घेताना दिलेल्या कागदांची पोच काढून ठेवा, तिच्यावर एकेक खूण करत कागद ताब्यात घ्या. मूळ करारनामा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा), बिल्डरच्या पावत्या, असेल तर शेअर सर्टिफिकेट. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही याचं बँकेचं पत्र, घ्या. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या दप्तरातली बँकेची नोंद काढायला अर्ज द्या. प्लॉट किंवा शेतघर असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असतो, तो कमी करायला बँकेचं पत्र घेऊन तलाठी कार्यालयात जावं लागतं आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बघावा लागतो. गटातल्या ज्याचं कर्ज आधी फिटेल, त्याच्याकडून या कागदांची यादी आणि अर्जांचे नमुने बाकीच्यांनी मागून घ्यावेत. पुढच्या माणसाच्या निदान दोन खेपा वाचतात.